टेस्टरचा बीप वाजला, तरीही साखरपुड्याच्या अंगठीत आम्ही फसवले गेलो

लग्नसराई तोंडावर आली आहे आणि साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी घालायची पद्धत आता घरोघरी रुळली आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझ्या धाकट्या भावाच्या साखरपुड्यासाठी पुण्यातल्या एका दुकानातून आम्ही अंगठी घेतली. १८ कॅरेटचं व्हाइट गोल्ड आणि मधोमध अर्ध्या कॅरेटचा एकच हिरा. बिल झालं १ लाख ३६ हजार. त्यातले ९५ हजार नुसत्या हिऱ्याचे.

काउंटरवर काय झालं ते नीट सांगते, कारण फसवणुकीची मेख तिथेच आहे. सेल्समनने पेनासारखा दिसणारा टेस्टर काढला, त्याचं टोक खड्यावर टेकवलं. दिवे एकेक करत वर चढले आणि बीप वाजला. “ऐकलंत ना ताई? ओरिजिनल.” पाठोपाठ दुकानाच्या नावाचं गुळगुळीत कार्ड हातात दिलं. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘सर्टिफिकेट’, खाली ‘डायमंड, ०.५० कॅरेट, ईएफ, व्हीव्हीएस’ (ईएफ हा रंगाचा आणि व्हीव्हीएस हा स्वच्छतेचा वरचा दर्जा). प्रयोगशाळेचं नाव नाही, रिपोर्टचा नंबर नाही.

हा टेस्टर फक्त खड्यातून उष्णता किती झपाट्याने वाहते ते बघतो. काच किंवा अमेरिकन डायमंड असेल तर तो लगेच पकडतो. पण लॅबमध्ये तयार केलेला हिरा हासुद्धा कार्बनचाच, हिराच असतो, त्यामुळे त्यावरही बीप वाजणारच. मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्यावरसुद्धा साधा टेस्टर फसतो. हिरा खाणीतला की लॅबमधला, हे नुसत्या भिंगातून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली यंत्रंच लागतात. म्हणजे जो प्रश्न विचारायला हवा, त्याचं उत्तर त्या बीपमध्ये नसतंच.

आम्हाला संशय आला तो धातूमुळे. “प्लॅटिनमसारखंच आहे, कधी पिवळं पडायचं नाही,” असं दुकानात सांगितलं होतं. वर्षभरात तळहाताच्या बाजूने अंगठी पिवळट दिसू लागली. खरं तर यात गैर काही नाही. व्हाइट गोल्डवर पांढऱ्या धातूचा, म्हणजे ऱ्होडियमचा मुलामा असतो, रोजच्या वापराने तो झिजतो आणि पुन्हा चढवावा लागतो. हे विकतानाच सांगायला हवं होतं. प्लॅटिनम मूळचंच पांढरं असतं, त्याच्या दागिन्यावर ‘पीटी ९५०’ असा शिक्का असतो आणि ते हातात चांगलंच जड लागतं.

आमच्या आईच्या ओळखीचे एक जुने सोनार आहेत. मुलामा चढवून घ्यायला भावजय त्यांच्याकडे गेली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, अंगठी उजेडात फिरवली आणि विचारलं, “पोरी, बिलावर किती कॅरेट लिहिलंय?” आतल्या बाजूला बारीक अक्षरांत १४के५८५ कोरलेलं होतं. बिलावर १८ कॅरेट. म्हणजे ७५ टक्के सोन्याचे पैसे घेऊन साडेअठ्ठावन्न टक्क्यांचं सोनं दिलं होतं. शेजारचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा हॉलमार्क नंबर, आम्ही सरकारच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला, तिथेही १४ कॅरेटच आलं. हॉलमार्क खरा होता, खोटं होतं ते बिल. हॉलमार्कवर लिहिलंय त्यापेक्षा सोनं कमी भरलं तर फरकाच्या दुप्पट भरपाईचा नियम आहे, पण इथे शिक्का बरोबर असल्यामुळे त्याचा आधार घेता येईना. वर हिऱ्याचं वजनही सोन्यातच धरून भाव लावला होता. अर्धा कॅरेट म्हणजे ०.१ ग्रॅम, रक्कम मोठी नाही, पण नियत कळते.

मग हिरा मुंबईला प्रयोगशाळेत पाठवला. रिपोर्ट आला: लॅबोरेटरी ग्रोन. रंगही ई-एफ नाही, त्याखालचा एच. तेवढा लॅबचा हिरा तेव्हा बाजारात पंधरा-वीस हजारांत मिळत होता.

लॅबच्या हिऱ्याला नावं ठेवायचा माझा अजिबात हेतू नाही. सुरतेत ते मोठ्या प्रमाणावर बनतात, २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या फर्स्ट लेडींना साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला होता. आम्हाला सांगितलं असतं तर कदाचित आनंदाने तोच घेतला असता. राग आहे तो खाणीतल्या हिऱ्याचे पैसे मोजून घेतल्याचा.

दुकानदाराचं उत्तर ऐका: “आम्ही नॅचरल म्हणालोच नव्हतो. बिल बघा.” बिलावर नुसतंच ‘डायमंड’. तेव्हा हिरा घेताना बिलावर ‘नॅचरल’ किंवा ‘लॅब ग्रोन’ हा शब्द लिहूनच घ्या. लिहायला कां-कूं केली तर तिथून उठा. रिपोर्ट जीआयए, आयजीआय अशा स्वतंत्र प्रयोगशाळेचा मागा, त्याचा नंबर दुकानात बसूनच त्यांच्या वेबसाइटवर तपासा. हिऱ्याच्या कडेवर तो नंबर लेझरने कोरलेला असेल तर भिंगातून दाखवायला लावा. निव्वळ सोन्याचं वजन, खड्याचं वजन, मजुरी, जीएसटी सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. आणि पैसे देण्याआधी एचयूआयडी अ‍ॅपमध्ये टाकाच, मिनिटभराचं काम आहे.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानातून फोन आला, तेवढ्याच किमतीचा दुसरा दागिना घेऊन जा म्हणाले. भावजयीने ठाम नकार दिला. आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि फसवणुकीपासून २ वर्षांच्या आत जावं लागतं. सोबत बिल, ते गुळगुळीत कार्ड, प्रयोगशाळेचा रिपोर्ट आणि अ‍ॅपचा स्क्रीनशॉट जोडला आहे. सुनावणी अजून व्हायची आहे.