पश्चात्तापावरील तीन दिवसांचे मौन शिबिर : एक अनुभव

ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती प्रायश्चित्तकाळात भरलेल्या या शिबिराला मी नुकताच जाऊन आलो. पश्चात्ताप म्हणजे केवळ अश्रू ढाळणे नव्हे, हे तेथे ज्या धीराने उलगडून दाखवले गेले, त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. बायबलच्या नव्या करारातील ‘मेटानोइया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा होतो, इथून सुरुवात झाली. बायबलमधील स्तोत्र ५१ या पश्चात्तापाच्या प्रार्थनेवर एक संपूर्ण सकाळ दिली गेली. मात्र शिबिराचा गाभा होता लूककृत शुभवर्तमानाच्या (येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधील पुस्तकाच्या) १९व्या अध्यायातील जक्कय : अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे वचन देणारा हा जकातदार समोर ठेवून, आपण दुखावलेल्या माणसांची नावे आम्हाला कागदावर लिहायला सांगितली गेली, तेव्हा माझा हात बराच वेळ थांबला (मला वाटले होते त्यापेक्षा ती यादी लांब निघाली). निवास व भोजन साधे, पुरेसे होते. एक उणीव मात्र जाणवली : वैयक्तिक पापनिवेदनासाठी ठेवलेला वेळ फारच अपुरा होता आणि काहींना धर्मगुरूंना न भेटताच परतावे लागले. यादीतील पहिल्या व्यक्तीला मी परतल्यावर पत्र लिहिले आहे.