शिबारी शिकायला पुस्तक की व्हिडिओ? बांधून घेणाऱ्याच्या बाजूने

शिबारी, म्हणजे जोडीदाराला दोरीने बांधायची जपानी कला, शिकायचं ठरलं की साधारण दोन पर्याय दिसतात. एक, जपानी परंपरेतलं भरपूर फोटोंचं पुस्तक. दुसरा, हल्लीचे व्हिडिओ कोर्स, ज्यात बांधणारं कोणीही असू शकतं आणि बांधून घेणारंही. आमच्याकडे दोन्ही आहेत. ताग की कापूस, दोरी किती जाड, हे तुम्हाला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

पुस्तक दिसायला देखणं आहे. दुसरा पदर पहिल्याला चिकटून कसा बसतो, ताण कुठे धरायचा, हे त्यातल्या फोटोंवरून झटकन कळतं. शिवाय पान उघडं राहतं. व्हिडिओ थांबवायला हात मोकळा लागतो आणि नेमका तेव्हाच तो नसतो. इतिहासाचं प्रकरणही वाचनीय आहे: जपानच्या एदो काळात (1603–1868) कैदी बांधायची विद्या, पुढे बांधलेल्या स्त्रियांची चित्रं काढणारा चित्रकार इतो सेईयू (1882–1961), मग 1947 मध्ये निघालेलं आणि अशी चित्रं-फोटो छापणारं ‘कितान क्लब’ मासिक. गंमत अशी, की कैद्यांच्या त्या जुन्या दोरीत पुरुषच जास्त अडकले असणार. पण प्रकरण संपलं की शेवटच्या पानापर्यंत बांधणारा पुरुष आणि बांधलेली सडपातळ तरुणी, दुसरं कोणी नाही.

आमच्या घरी बायको बांधते, मी बांधून घेतो. त्यामुळे प्रत्येक सूचना मनात उलटी करून वाचावी लागते. तेही चाललं असतं. खटकलं ते वेगळंच: सगळं पुस्तक बांधणाऱ्याशी बोलतं. छातीभोवतीच्या बांधणीत खालचा पट्टा ‘स्तनांच्या खाली’ घ्या म्हणतात. माझ्या सपाट छातीवर त्याला टेकायला काही नव्हतं, तो सरकत राहिला. वरचा पट्टा दंडावर जिथे बसला तिथून थोड्या वेळाने अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या आल्या. बायकोने दोरी लगेच सोडली, मग पुस्तक चाळलं आणि म्हणाली, “अरे, यात तुझ्यासाठी काहीच लिहिलेलं नाहीये.”

खरंच नव्हतं. दंडाच्या हाडाला लागून जाणारी रेडियल नस (रक्तवाहिनी नव्हे, हातातली एक चेतातंतूची नस) प्रत्येकाच्या अंगात थोडी वेगळ्या ठिकाणी दाबात येते, आणि दाबली तर दुखेलच असं नाही. कधी कधी मनगट वर उचलता येत नाही तेव्हाच लक्षात येतं. ते पहिल्यांदा ज्याच्या हाताला जाणवतं त्याला पुस्तकात जागा आहे ती फक्त फोटोत, सुंदर दिसायला. माझ्या मते हे साच्याचंच फळ आहे. बांधलेली व्यक्ती म्हणजे गप्प बसलेली बाई असं एकदा धरलं, की तिला काही सांगायची गरजच वाटत नाही.

व्हिडिओ कोर्स बोलतो फार. पहिला अर्धा भाग पुढे ढकलला तरी चालेल, कॅमेराही कधी कधी हाताच्या मागे राहतो. काहींचं सर्वसमावेशक असणं नुसत्या मुखपृष्ठापुरतं असतं, तेही पाहिलंय. पण आम्ही घेतला त्यात प्रत्येक बांधणीआधी बांधून घेणाऱ्यासाठी वेगळा धडा आहे: मनगट उचलून बघ, अंगठा ताण, काही जाणवलं तर कोणत्या शब्दात सांगायचं. रुंद खांद्यांच्या पुरुषावर पट्टा किती वर-खाली घ्यायचा, मोठ्या पोटाच्या व्यक्तीला गुडघ्यावर बसवण्याऐवजी खुर्ची का द्यावी, छातीवर बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) घालणाऱ्यांनी श्वासाकडे कसं लक्ष ठेवावं, हेही आहे. माझ्यासारखं अंग दोरीत दिसलं ते इथेच.

तुमच्या घरी वाटणी पुस्तकातल्यासारखीच असेल तर पुस्तक कदाचित पुरेल. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला तेच आवडतं. तरी पैसे एकावरच घालायचे असतील तर मी व्हिडिओ म्हणेन. कुठलाही घेण्याआधी नमुन्यातला छातीच्या बांधणीचा भाग उघडून बघा, तिथे बांधून घेणाऱ्याला उद्देशून एक तरी वाक्य आहे का. बोथट टोकाची कात्री मात्र दोन्हीत सांगितलेली नसली तरी हाताशी ठेवा.