पाइपचा रंग: ब्रायर की मीरशॉम?

तंबाखू ओढायचा पाइप ब्रायरचा किंवा मीरशॉमचा करतात. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका झुडपाच्या मुळाशी वाढलेली लाकडाची गाठ. तिचं सौंदर्य तिच्या रेषांत असतं. गुळगुळीत पाइप हातात फिरवून बघा: बाजूला आगीच्या ज्वाळांसारख्या उभ्या रेषा, आणि त्याच रेषा जिथे आडव्या कापल्या जातात तिथे पक्ष्याच्या डोळ्यांसारखे बारीक ठिपके. म्हणून माझी पसंती फिक्या, मधाळ रंगाला. गडद रंगाखाली लाकडातले खड्डे, भेगा सहज लपतात. वाळूचा मारा करून खडबडीत केलेला पाइप मात्र काळ्या रंगातही देखणा दिसतो, कारण तिथे मऊ लाकूड झडून कडक शिरा वर आलेल्या असतात.

मीरशॉमची गोष्टच निराळी. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरजवळ जमिनीतून काढलेलं हे पांढरं खनिज ओलं असताना इतकं मऊ असतं की चाकूने दाढीवाल्या सुलतानाच्या फेट्याची घडीन् घडी कोरता येते. वाळल्यावर त्याला वितळलेलं मधमाशीचं मेण पाजतात. पुढचा रंग कारागीर देत नाही, वापर देतो. तळाकडून आधी पिवळसर, मग मधासारखा, वर्षांनी तपकिरी.

पण मीरशॉम पडला की फुटतो. रोज खिशात घालायचा तर ब्रायरच घ्यावा. जपून ठेवायची तयारी असेल, तर साधा, न कोरलेला पांढरा मीरशॉम घ्या. सपाट अंगावर रंग चढताना स्वच्छ दिसतो.