‘कॉम्प्युटरशी फुल सिंक’ म्हणून गळ्यात मारलेला फोन

फोन घेताना माझी अट एकच होती. कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स डेस्कटॉपशी जुळलेले राहिले पाहिजेत. कॅमेरा कसा, स्क्रीन केवढी, याच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. विक्रेत्याने काउंटरवरच फोटो काढला आणि तो क्षणात समोरच्या मॉनिटरवर उमटला. “बघा, फुल सिंक. वायरसुद्धा नको.” खोक्यावरही ठळक अक्षरांत तेच छापलेलं.

दाखवली होती ती नुसती फोटोची कॉपी. मी विचारलं होतं कॅलेंडर-कॉन्टॅक्ट्सचं, आणि नेमकं तेच त्याने शिताफीने टाळलं.

कामाच्या एका माणसाचा नंबर मी कॉम्प्युटरवर बदलला. फोनमध्ये जुनाच. पुढचं सिंक झालं आणि फोनमधल्या त्या जुन्या नंबराने कॉम्प्युटरवरचा नवा नंबर पुसून टाकला! म्हणजे माहिती फोनकडून कॉम्प्युटरकडे, एकाच दिशेने ढकलली जात होती. कुठली नोंद ताजी, हे बघायची तसदीच नाही. दोन्हीकडचे बदल जुळवायचे असतील तर ‘प्रीमियम’ घ्या, असं फोनसोबत आलेलं ॲप म्हणालं. खोक्यावर याची ओळ होती, पण तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. मोफत मुदतीसाठीही कार्डाचे तपशील आधी मागितले.

केबलची तीच गत. ‘फास्ट टाइप-सी’ म्हणून सांगितलेलं पोर्ट आतून यूएसबी 2.0 निघालं, म्हणजे जास्तीत जास्त 480 एमबीपीएस. पोर्टच्या आकारावरून वेग कळत नाही. 2023च्या आयफोन 15 आणि 15 प्रो दोन्हींना टाइप-सी आहे. साध्याचा वेग 480 एमबीपीएस, तर प्रोचा योग्य केबल लावली तर 10 जीबीपीएसपर्यंत. काही स्वस्त केबलींत तर डेटाच्या तारा नसतातच, फक्त चार्जिंग होतं.

तक्रार घेऊन गेलो तर उत्तर तयार होतं. “सील फुटलंय, परत घेता येणार नाही. आणि ॲपचं आम्हाला काय विचारता?” फोनच्या कंपनीने ॲपवाल्यांकडे बोट दाखवलं, आणि ॲपवाल्यांनी माझ्या कॉम्प्युटरकडे.

त्यामुळे दुकानात फोटो उडवून दाखवला तर भुलू नका. त्यांच्याच कॉम्प्युटरवर एक कॉन्टॅक्ट बदलायला लावा आणि तो फोनमध्ये बदलतो का बघा. मग फोनवरची एक नोंद खोडा, ती तिकडून जाते का बघा. कॅलडॅव्ह (कॅलेंडर जुळवायची पद्धत) आणि कार्डडॅव्ह (कॉन्टॅक्ट्स जुळवायची) चालतात का, हे थेट विचारा; ही खुली मानकं आहेत, एका कंपनीच्या ॲपला बांधलेली नाहीत. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ती सोय आहे, अँड्रॉइडवर सहसा वेगळं ॲप टाकावं लागतं. विक्रेता नुसता बघत राहिला तर काय ते समजा. मॅक वापरत असाल आणि फोन अँड्रॉइड घेणार असाल तर आणखी जपून. वायर जोडली की फोनमधल्या फायली फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फायली बघायच्या खिडकीत, आपोआप दिसत नाहीत.

आणि असं एखादं ॲप आधीच गळ्यात पडलं असेल तर ते नुसतं डिलीट करून पैसे कटायचे थांबत नाहीत. आधी ॲप स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन ते रद्द करा. कार्डाचे तपशील थेट ॲपवाल्यांच्या साइटवर दिले असतील तर तिथे जाऊन रद्द करावं लागेल.