गेटवेला शिडाची बोट शिकायचीय? वीकेंड बिगिनर कोर्सचा रिव्ह्यू

मुंबईत सेलिंग शिकायचं म्हटलं की लोक आधी विचारतात क्लबची मेंबरशिप लागते का, खूप श्रीमंत असावं लागतं का, तर नाही. गेटवेच्या आसपास मेंबर नसलेल्यांसाठीही बिगिनर कोर्स चालतात, त्यातला एक मी ह्या सीझनला केला. नाव टाकत नाहीये कारण काही गोष्टी खटकल्या त्याही लिहायच्यात, आणि पैसे भरायच्या आधी काय विचारायचं ते कुठेही गेलात तरी कामाला येईल.

बोट कीलबोट होती, साधारण आठ मीटर, मागे मेनसेल हे मोठं शीड, पुढे जिब हे छोटं. वारा भरला की चांगलीच कलते आणि पहिल्यांदा पोटात गोळा येतोच, पण तळाच्या कीलमध्ये (खाली पाण्यात उतरलेल्या पात्यात) वजन असतं ते तिला परत सरळ करतं, म्हणून सहजासहजी उलटत नाही. पोहता न येणारेही आमच्या बॅचमध्ये होते, लाइफ जॅकेट सगळ्यांनाच कंपल्सरी.

शिकवणारे सर नेव्हीतून रिटायर झालेले, आणि कोर्सचे निम्मे मार्क त्यांनाच. जेट्टीवर लेक्चर नाही, बोटीवर बसवलं आणि विचारलं वारा कुठून येतोय सांगा, फोन खिशात ठेवून. मग झेंडे बघा, पाण्यावरच्या बारीक लहरी बघा, गालाला कुठून लागतोय बघा. शाळेत भूगोलात खारे वारे मतलई वारे पाठ केलेले सगळ्यांनी, पण खरं कळलं ते इथे, कारण सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, मग मधे एक वेळ अशी येते की शिडं नुसती लोंबकळतात आणि बोट जागची हलत नाही, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरायला लागला की तीच बोट अशी पळते की बोलायची सोय नाही. त्यामुळे मार्च-एप्रिलला जाणार असाल तर दुपारची बॅच मागा, सकाळची स्वस्त मिळाली तरी.

टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, लगेच हातात देतात हे मला फार आवडलं. बोट डावीकडे न्यायची तर टिलर उजवीकडे ढकलायचा, डोक्याला पटकन कळतं, हाताला वेळ लागतो. वाऱ्याच्या तोंडावर थेट जाता येत नाही, दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांचा पट्टा सोडून नागमोडी टॅक करत, म्हणजे आळीपाळीने वाऱ्याच्या एकेका बाजूला वळत, वर चढायचं. शीड किती आवळायचं ह्याची सरांनी सांगितलेली युक्ती एकदम सोपी: फडफडायला लागेपर्यंत दोरी सोडा, मग फडफड थांबेल तेवढीच ओढा. आणि जाइब करताना, म्हणजे वारा पाठीमागून असताना बोट वळवताना, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सण्णकन येतो तेव्हा डोकं खाली, ह्यात चर्चा नाही.

आता खटकलेलं. पहिलं म्हणजे भरती-ओहोटीबद्दल जवळपास काहीच शिकवलं नाही. मुंबईच्या उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, एवढं पाणी हार्बरमधून आत-बाहेर करतं तर ओढ असणारच ना! ओहोटीला वारा पडला तेव्हा बोटीचं तोंड गेटवेकडे आणि आम्ही सरकतोय दक्षिणेला, शेवटी इंजिन लावून परत आलो. बॅचच्या वेळा भरतीचं टाइमटेबल बघून ठरवायला हव्यात, इथे ठरलेली वेळ म्हणजे ठरलेली वेळ. दुसरं, काही लाइफ जॅकेटचे पट्टे सैल होते, मागितल्यावर बदलून दिले पण मागावं का लागावं. तिसरं, एका बोटीवर चार शिकणारे, त्यामुळे टिलर वाट्याला येतो थोडाच वेळ, बाकी वेळ दोऱ्या ओढणे नाहीतर घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँचच्या लाटा खात बसणे.

म्हणून माझं स्पष्ट मत, कीलबोटवर समुद्राची भीती घालवा पण शिकायला पुढे डिंगीवरच, म्हणजे छोट्या हलक्या बोटीवरच जा. लेझर (आता आयएलसीए म्हणतात) फक्त 4.23 मीटरची, एक शीड एक माणूस, जरा चुकलं की बोट तिथल्या तिथे सांगते, आणि उलटलीच तर डॅगरबोर्डवर (तळातून खाली सोडलेल्या फळीवर) उभं राहून मागे रेलायचं की वर येते. आपली भारताची सेलर नेत्रा कुमानन टोकियो ऑलिम्पिकला गेली ती ह्याच बोटीच्या रेडियल क्लासमधून, त्यात लांबी तीच, शीड जरा छोटं. तुमचं वजन कमी असेल तर तेच मागा, मोठ्या शिडाच्या मागे लागू नका. डिंगीला मात्र पोहता आलंच पाहिजे. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट असते, 2.3 मीटरची, त्यात पंधरा वर्षांपर्यंतची मुलं रेस करतात, मुलगा-मुलगी आठ-दहा वर्षांची असेल तर खरंच न्या.

फी भरायच्या आधी विचारा: एका बोटीवर किती जण, प्रत्येकाला टिलर किती वेळ, वारा नसेल तर सेशन परत मिळतं का, आणि मागे रेस्क्यू बोट असते का. हे शेवटचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा. सोबत ग्रिपवाले बूट न्या, चपला नकोत, हातमोजे स्वतःचे घ्या कारण दोरी तळहात सोलते, टोपी बांधता येईल अशी.

पावसाळ्यात सगळं बंद असतं, ऑक्टोबरला परत चालू. मी तेव्हा डिंगीची बॅच लावतोय, वेगळ्या ठिकाणी. कोणी येणार असेल तर कळवा, ग्रुप असला की बॅचच्या वेळा आपल्याला भरती बघून मागता येतील.