भावंडांना डॉक्टरांकडे एकदम न्यावे की एकेकाला? सरकारी केंद्र की खासगी दवाखाना?

घरात सहा वर्षांच्या आतली दोन-तीन मुले असली की लसीकरण, वजन-उंची आणि वाढीची तपासणी यांसाठी सर्वांना एकाच दिवशी न्यावे की प्रत्येकासाठी वेगळी फेरी करावी, हा प्रश्न पालकांना वारंवार पडतो. सरकारी आरोग्य केंद्र की खासगी बालरोगतज्ज्ञ, हा प्रश्न वरकरणी वेगळा असला तरी पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

एकत्र नेण्याचा लाभ उघड आहे. एकच रजा, एकच रिक्षा, आणि लस दिल्यानंतर केंद्रात अर्धा तास थांबायचे असते तेही एकदाच. परंतु त्यासाठी तारखा जुळवाव्या लागतात आणि नेमके तिथेच पुष्कळ घरांत उलटे घडते, म्हणजे मोठ्याच्या सोयीसाठी तान्ह्याचा डोस पुढे ढकलला जातो. राष्ट्रीय वेळापत्रकात बाळाच्या सुरुवातीच्या लसी ६, १० आणि १४ आठवड्यांना, चार-चार आठवड्यांच्या अंतराने येतात. त्यांत ढिलाई करू नये. त्या मानाने मोठ्या भावंडाच्या तारखा सैल असतात. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लसीचा) पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, तर डीपीटीचा दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान द्यायचा असतो. म्हणून मोठ्याला बाळाच्या तारखेला न्यावे, बाळाला मोठ्याच्या तारखेसाठी थांबवू नये. दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दिला जाणारा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस तर तोंडावाटेच असल्याने अशा फेरीत सहज बसतो.

एकत्र नेण्याचा खरा तोटा दवाखान्यात नव्हे, त्या रात्री घरी जाणवतो. पेंटाव्हॅलंट (तान्ह्याला दिली जाणारी, पाच रोगांवरची एकत्रित लस) आणि डीपीटी या दोन्ही लसींनंतर ताप येणे, पाय किंवा दंड दुखणे सामान्य आहे, आणि दोन मुले एकाच रात्री कण्हत असतील तर घरात किमान दोन जाणती माणसे हवीत. जोडीदार रात्रपाळीला असेल किंवा आजी-आजोबा गावी असतील, तर सुया वेगवेगळ्या आठवड्यांत घ्याव्यात. दोघांना एकत्र नेलेच, तर त्या दिवशीचे वजन कार्डावर नोंदवून घ्यावे आणि पॅरासिटामॉल किती द्यायचे हे प्रत्येकाच्या वजनानुसार तिथेच विचारून लिहून घ्यावे. एकाचे प्रमाण दुसऱ्याला चालत नाही.

किरकोळ सर्दीसाठी लस चुकवण्याचे कारण नसते. मात्र एखाद्या भावंडाला सडकून ताप असेल, तर त्याला ‘येताच आहात तर दाखवून घ्या’ म्हणून तान्ह्याच्या फेरीत सोबत घेऊ नये.

सरकारी केंद्रातील लसी मोफत असतात, आणि उपकेंद्र किंवा अंगणवाडीतील सत्राचा दिवस आशाताई आधी कळवतात. हा दिवस ठरलेला असण्यामागे व्यावहारिक कारण आहे: बीसीजी (क्षयरोगाची लस) व गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावण मिसळून तयार केली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. त्यामुळे तिथे तारीख आपल्या सोयीने हलत नाही, आणि गर्दीत आरोग्यसेविकेला प्रत्येक मुलाचे बोलणे, ऐकणे, चालणे निवांत पाहायला वेळ मिळेलच असे नाही. खासगी दवाखान्यात वेळ ठरवून जाता येते, तिन्ही भावंडांना एकच डॉक्टर सलग पाहतात, कांजिण्या किंवा टायफॉइडसारख्या राष्ट्रीय वेळापत्रकाबाहेरच्या लसीही मिळतात. पण शुल्क बहुधा प्रत्येक मुलामागे असते आणि तिघांचे मिळून ते जाणवण्याइतके होते. आणखी एक गोष्ट पालक विसरतात: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. मोठ्याची अशी तपासणी नुकतीच झाली असेल, तर तिची नोंद मागून घ्यावी आणि तेवढ्यासाठी वेगळे पैसे खर्चू नयेत.

माझ्या मते साधारण उत्पन्नाच्या घराने वेळापत्रकातील लसी सरकारी केंद्रात घ्याव्यात आणि वाढ-विकासाच्या तपासणीसाठी सर्व भावंडांना वर्षातून एकदा एकाच बालरोगतज्ज्ञांकडे एकत्र न्यावे. या फेरीत सुई नसल्याने रात्रीच्या तापाची चिंता नसते आणि मुलेही डॉक्टरांना बिचकत नाहीत. दोन्ही ठिकाणी जाणार असाल, तर प्रत्येकाचे माता व बाल संरक्षण कार्ड दोन्हीकडे दाखवावे. विशेषतः केंद्रात गोवर-रुबेला आणि खासगीत कांजिण्यांची लस घ्यायची असेल, तर त्या एकाच दिवशी तरी व्हाव्यात किंवा त्यांत किमान चार आठवड्यांचे अंतर तरी असावे. ही तारीख दुसरी सुई देणाऱ्याला केवळ त्या कार्डावरूनच कळते.