सॅन स्टॉर्म की एर्टिगा: दारात कोणती उभी करायची?

गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म कार कुठे विकायला निघाली की अजूनही जीव खालीवर होतो. दोन सीट, उघडं छत, फायबरची बॉडी. पण घरात माणसं पाच, म्हणून समोर मारुतीची सात सीटची वापरलेली एर्टिगाही उभी असते.

आधी गंमत सांगतो. स्टॉर्मचं रेनॉचं 1149 सीसी इंजिन साधारण 60 हॉर्सपॉवरचं, तर 2018 नंतरच्या एर्टिगाचं 1462 सीसी पेट्रोल इंजिन शंभरच्या पुढे. कसारा घाटात एकट्याने चालवली तर घरगुती गाडीच पुढे निघेल! तरीही पहाटे छत उतरवून नाशिकच्या गंगापूर धरणाकडे निघालात की स्टॉर्म वेगवान वाटते, कारण ती हलकी आहे आणि आपण जवळजवळ रस्त्यावरच बसलेलो असतो. ते सुख एर्टिगात नाही. स्टॉर्ममध्ये स्पीड ब्रेकर आला की मात्र पोटात गोळा.

खरा खर्च नंतरचा. स्टॉर्मचं इंजिन युरोपात रेनॉच्या क्लिओ-ट्विंगोला होतं, त्या गाड्या इथे विकल्याच गेल्या नाहीत. साध्या सुट्या भागासाठीही बाहेरून मागवून वाट बघावी लागते. फायबर गंजत नाही, पण तडकतं आणि तिथे डेंटिंगवाल्याची हातोडी चालत नाही. जुने रबरी पाइप इथेनॉलच्या पेट्रोलला टिकत नाहीत, गाडी घरी आल्या आल्या ते बदला. 15 वर्षं उलटलेल्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 2022 मध्ये 600 वरून 5000 झाली, वर ग्रीन टॅक्स. 'विंटेज आहे' म्हणून सुटका नाही, त्याला 50 वर्षं लागतात.

एर्टिगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, हेच तिचं कौतुक. सातपूर-अंबडचा कुठलाही मेकॅनिक तिला ओळखतो. सीएनजी घेतलीत तर डिकी सिलिंडरने खाल्ली समजा. वणीच्या गडावर सातजण निघालात तर पिशव्या मांडीवर.

आमच्या आईला हौसेने स्टॉर्ममध्ये बसवलं होतं. उतरवायला दोघं लागले. "छान आहे रे, पण मला दवाखान्यात कशातून नेणार?"

दारात दुसरी चारचाकी आणि डोक्यावर पत्रा असेल तरच स्टॉर्म घ्या, नाहीतर एर्टिगा. आणि स्टॉर्म बघायला गेलात तर रंगावर भाळू नका. टॉर्च आणि अंथरायला एक पोतं न्या. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, लोखंडी आहे, गंज तिथेच सापडतो.